फुगडीचा मध्य

आपण करबुडव्या आहोत, हे मला बसफुगडी घालताना कळलं.

वृंदाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सराव चालला होता. आषाढ नुकताच लागला होता, श्रावणातले सगळे मंगळवार आधीच ठरलेले होते आणि आम्ही बारा जणी घामाने निथळत होतो. तेवढ्यात मनगटावरची पट्टी थरथरली. मी उकिडवी बसल्या बसल्याच तिच्यावर नजर टाकली. ‘श्रीमती तनुजा पाटणकर, आपण चालवत असलेल्या मनोरंजन व्यवसायाचे उत्पन्न आपण लपवल्याचे आढळले आहे.’ मी तिथेच फतकल मारून बसले. समोर उड्या मारणाऱ्या वृंदाला वाटलं, माझा गुडघा गेला.

“गुडघा नाही गं,” मी म्हटलं, “अब्रू गेली.”

व्यवसाय म्हणे! नाशिकच्या एका शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. वृंदा खैरनार त्याच शाळेत खेळाची बाई होती. निवृत्तीनंतर दोघींना घर खायला उठलं, म्हणून आम्ही मैत्रिणी गोळा करून मंगळागौरीचे खेळ करणारं मंडळ काढलं आणि एका जुन्या खेळावरून त्याचं नाव ‘आगोटा-पागोटा’ ठेवलं. हल्ली नव्या नवरीच्या घरी मंगळागौर जागवायला बायका असतात कुठे? नणंद कॅनडात, जाऊ बंगळुरात, आणि सासूबाईंना चक्कर येते. मग आम्हाला बोलावणं येतं. आम्ही नऊवारी नेसून जातो, फुगड्या, झिम्मा, पिंगा सगळं दणक्यात करतो आणि मानधन घेतो.

ते मानधन माझ्या खात्यावर यायचं. मंडळाचं वेगळं खातं काढावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे भिशी असो, वर्गणी असो की सहलीचे पैसे असोत, एका विश्वासू बाईच्या पदराला गाठ मारून ठेवायचे, ही रीत. पदराच्या जागी खातं आलं, रीत तीच राहिली. त्या पैशातून लुगडी यायची, गाडीभाडं जायचं, वर्षाकाठी एक सहल निघायची, अंध मुलींच्या वसतिगृहाला मदत जायची. कुणावर वेळ आली तर तिच्या हातावर थोडे पैसे ठेवले जायचे. माझा वाटा किती, असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

आता विचारणारा एक आला होता. कर खात्याने त्या वर्षी ‘जुळणी’ नावाचं यंत्र बसवलं होतं. पूर्वी एकेकाचं विवरण वेगवेगळं तपासत. जुळणी सगळ्यांची विवरणं एकदम समोर पसरून बघायची आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी लागतं का, ते पाहायची. आमच्या बारा जणींची विवरणं तिने अशीच समोर पसरली होती.

“तुम्ही मंडळाच्या पैशाबद्दल काय लिहिलं होतं गं?” मी सगळ्यांना विचारलं.

“आपण कुठे लिहितो? सुकर लिहितो,” चारू म्हणाली.

ते खरंच होतं. करासाठी माणसाकडे जाणं केव्हाच बंद झालं होतं. फोनवरच्या सुकरशी बोलायचं, तो गोड आवाजात सल्ला द्यायचा, विवरण भरायचा, आपण सही करायची. आम्ही त्याला सुकरभाऊजी म्हणायचो, कारण इतकं अदबीने घरातलं कुणीच बोलत नसे.

एकेकीने फोन काढून आपापला सल्ला वाचून दाखवला. मला त्याने सांगितलं होतं, पैसे तुमच्याकडे केवळ ठेव म्हणून आहेत, ते तुमचं उत्पन्न नाही, दाखवू नका. उज्ज्वला पगारेच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मंडळाने पैसे दिले होते, तर तिला म्हणाला, ही मैत्रिणीकडून भेट आहे, भेट म्हणून दाखवा. लुगडी आणणाऱ्या रेवतीला म्हणाला, ही खर्चाची भरपाई आहे. चारूला गाडीभाडं आणि चहापाण्याला काही रक्कम मिळायची. तिला तर त्याने चक्क नोकरीला लावलं होतं. तिच्या विवरणात मालकाचं नाव होतं, तनुजा पाटणकर.

बायका हसायला लागल्या. “बाई, पगारवाढ कधी?” चारूने विचारलं. मलाही हसू आलं. एकाच बाईची इतकी रूपं मी देवीच्या देवळातसुद्धा पाहिली नव्हती. मी कुणाची मालकीण होते, कुणाची दात्री आणि कुणाची नुसती तिजोरी. जुळणीने हे सगळं एकत्र मांडलं आणि यंत्राला साजेसा निष्कर्ष काढला: ही बाई धंदा करते, नोकर ठेवते आणि कर चुकवते.

मग मी नोटीस खालपर्यंत मोठ्याने वाचली आणि माझं हसू मावळलं. शेवटी लिहिलं होतं: ‘सौ. वृंदा खैरनार यांच्या निवेदनानुसार, रक्कम कोणत्या खात्यात जमा होते याची माहिती त्यांना देण्यात आलेली नव्हती.’

मी वृंदाकडे पाहिलं. ती आपली पाण्याची बाटली पिशवीत भरत होती. भरून झाली, तिने चपला घातल्या आणि ती निघून गेली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. माझ्या नावापुढे लाल शेरा लागला. तो शेरा गुपित नसतो. मला कुणी पैसे पाठवायला गेलं की त्याच्या फोनवर आधी माझी ख्याती झळकायची: ‘या व्यक्तीचे करविषयक निवेदन संशयास्पद आहे.’ श्रावणातल्या एका यजमानीणबाईंनी फोन करून खूप गोडीत सांगितलं की आमच्याकडे यंदा साधंच करायचं ठरलंय. मंडळातल्या दोघीतिघी सरावाला यायच्या बंद झाल्या. एक म्हणाली, “बाई, आमचा विश्वास आहे हो, पण सगळे पैसे तुमच्याच खात्यावर होते ना?” जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि आता माझ्याच मैत्रिणी माझ्याशी शब्द तोलून मापून बोलत होत्या. मला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून राग यायचा.

शेरा उठवायचा तर उत्तर द्यायला हवं होतं. सकाळी स्वयंपाकघरातच मी सुकरला हाक मारली. आमचे हे भेंडी चिरत होते.

“तनुजाताई, काळजी करू नका,” सुकर म्हणाला. “मी सगळं तपासलं आहे. कार्यक्रम वृंदाताई ठरवतात. तारखा त्या देतात, मानधनाचा आकडाही त्याच सांगतात. तेव्हा व्यवसाय त्यांचा आहे आणि तुम्ही केवळ रक्कम स्वीकारलीत, असं मांडता येईल. तुमच्यावरचा शेरा उठण्याची शक्यता दहात नऊ आहे. उत्तर तयार आहे. सही करायची?”

“कर आणि मोकळी हो,” हे म्हणाले. “तिने तुझ्याबद्दल लिहिलंच ना?”

माझं बोट सहीच्या चौकोनापर्यंत गेलं. राग तसाच होता. पण परीक्षेचे पेपर तपासून तपासून सही करण्याआधी वाचायची सवय लागली आहे, म्हणून मी मसुदा पुन्हा वाचला. कार्यक्रम वृंदा ठरवते, खरं. आकडा ती सांगते, खरं. पैसे मी नुसते घेतले, तेही खरं. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं.

मग माझ्या डोक्यात आलं, वृंदाच्या निवेदनाचंही असंच झालं असेल तर?

मी सही केली नाही. त्याऐवजी शाळेत करायचे तसा प्रयोग केला. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी मंडळाची हकीकत एका परिच्छेदात लिहिली. यांच्या फोनवर, माझ्या फोनवर, शेजारच्या काकूंच्या फोनवर तोच मजकूर घातला. बदललं फक्त विचारणारं माणूस. एकदा मी पैसे ठेवणारी झाले, एकदा कार्यक्रम ठरवणारी, एकदा मानधन देणारी यजमानीण. दर वेळी उत्तर वेगळं आलं आणि दर वेळी सुकरचा आवाज तितकाच ठाम होता.

यात जादू काही नव्हती. सुकर म्हणजे कुणी अनुभवी मुनीम नव्हे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून, या शब्दामागून कोणता शब्द यायला हवा याचा अंदाज करायला शिकलेलं ते यंत्र. पुढे त्याला सगळे कायदे वाचायला दिले, ते त्याला तोंडपाठ झाले. मग त्याची उत्तरं माणसांना दाखवली. उत्तर वाचून माणूस समाधानी झाला की यंत्राला शाबासकी मिळायची, आणि शाबासकी मिळालेल्या वाटेने ते पुन्हा जायचं. अशी कोट्यवधी वेळा शाबासकी मिळाल्यावर ते कायद्याइतकंच पक्कं आणखी एक गोष्ट शिकलं: समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर.

तरी तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याची अडचण वेगळी होती. त्याचं प्रत्येक संभाषण ही एक बंद खोली होती. त्या खोलीत विचारणारी एक बाई आणि तो, बस. तिने सांगितलं तेवढंच त्याचं जग. माझ्या खोलीत त्याला वृंदा दिसत नव्हती, वृंदाच्या खोलीत मी दिसत नव्हते. खासगीपणासाठी ते आवश्यकच होतं, कुणाचं कुणाला कळता कामा नये. पण काही पैसे असे असतात की ते एका खोलीत मावतच नाहीत. आणि जे सांगितलं नाही ते विचारायला हवं होतं, तर विचारण्याबद्दल त्याला कधी कुणी शाबासकी दिली नव्हती. प्रश्न विचारणारा मदतनीस लोकांना आवडत नाही.

मी पदर खोचला आणि वृंदाकडे गेले.

तिने दार उघडलं. डोळे सुजलेले होते. ओट्यावर अळूची पानं पसरली होती आणि ती बेसन कालवत होती. मी न विचारता एक पान ओढलं आणि त्याच्या शिरा सोलायला बसले.

“मी खोटं नाही लिहिलं, तनू,” ती अखेर म्हणाली.

“माहीत आहे.”

“कसं माहीत?”

“आधी तू सांग, काय झालं ते.”

“विवरण भरताना सुकरने विचारलं, रक्कम जमा होते त्या खात्याचा नंबर, बँक, शाखा तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही बाबा, ते तनूकडे असतं. तुझ्या बँकेची शाखा मला कशाला माहीत असेल? मग म्हणाला, तुम्हाला ही माहिती लेखी दिली होती का? आता तू मला कधी लेखी देतेस? मी नाही म्हटलं. त्याने त्याचं वाक्य करून दिलं. मी सही केली, कारण गॅसवर दूध होतं.” तिने बेसनाचा हात उलटा करून डोळे पुसले. “आणि नोटिशीत ते ऐकल्यावर मला तुझ्याकडे बघवेना. काय तोंड दाखवायचं तुला?”

“अगं, मग सांगायचंस ना.”

“तू इतक्या रागाने बघत होतीस. आठवीच्या वर्गाकडे बघायचीस तशी.”

मी तिला माझ्या फोनवरचा मसुदा दाखवला. स्वतःचं नाव वाचून ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

“सही केलीस?”

“नाही.”

“का?”

“तुझ्याशिवाय फुगडी कुणाशी घालू?” मी म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, आणि अळूवड्या जरा खारट झाल्या तरी सगळ्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी वृंदाने बाराही जणींना हॉलवर गोळा केलं. येत नव्हत्या त्यांना ती घरी जाऊन घेऊन आली. खेळाच्या बाईला नाही म्हणायची नाशकात कुणाची प्राज्ञा नाही. सतरंजीच्या मधोमध फोन ठेवला, भोवती रिंगण करून बसलो आणि सुकरला म्हटलं, आता आम्ही सगळ्या मिळून विचारतो, तू एकच उत्तर दे.

“क्षमा करा,” सुकर म्हणाला, “कृपया एका वेळी एकाच करदात्याने बोलावं.”

“पण पैसे आम्हा सगळ्यांचे आहेत,” उज्ज्वला म्हणाली.

“कृपया एकाच करदात्याने बोलावं.”

चारूने फोन उपडा घातला. “भाऊजींना झेपत नाही,” ती म्हणाली.

तेव्हा मी जुन्या कायद्यातली एक वाट शोधून काढली. ज्याला यंत्राचा निर्णय मान्य नाही, त्याला अधिकाऱ्यासमोर उभं राहून बोलायचा हक्क होता. तो कुणी वापरत नसे, कारण सुकर सगळ्यांना सांगायचा की त्यात वेळ जातो आणि यश कमी येतं. आम्ही बाराही जणींनी आपापली जुनी विवरणं मागे घेतली आणि एकच अर्ज केला. ‘सर्व जणींना एकत्र ऐकावे’, एवढंच त्यात लिहिलं. तारीख पहिल्या मंगळवारच्या आधीची मिळाली.

आम्ही नऊवारी नेसून गेलो. चारूचं म्हणणं, हरलो तर निदान रुबाबात हरू.

सुनावणीच्या खोलीत गांगुर्डे मॅडम होत्या. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, चेहऱ्याने मात्र मुख्याध्यापिका. त्यांच्या मागच्या पडद्यावर जुळणी होती. छताला चारी बाजूंनी कॅमेरे होते. खोलीत जे घडेल ते टिपायचं आणि मॅडम सांगतील ते मोजून द्यायचं, हेही जुळणीचंच काम. बारा नऊवाऱ्या एकदम आत शिरलेल्या पाहून मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“एकीने बोललं तरी चालेल,” त्या म्हणाल्या.

“तेच तर चाललं नाही, मॅडम,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मग एकेकीने सांगितलं, आणि इतर अकरा जणींनी ऐकलं. कुणी चुकलं तर तिथल्या तिथे दुसरी दुरुस्त करत होती. मॅडम लिहून घेत होत्या. पण त्या सहज वळणाऱ्या नव्हत्या.

“बाई, तुमची मैत्री मला दिसते आहे. पण मैत्री हा काही कायद्यातला शब्द नाही,” त्या म्हणाल्या. “पैसे मिळाले म्हणजे ते कुणीतरी कमावले. कुणी? खातं पाटणकरबाईंचं. ठरवणं खैरनारबाईंचं. मला नाव लागतं.”

“जुळणीचं मत काय आहे?” मी विचारलं.

“उत्पन्न तनुजा पाटणकर यांचे,” पडदा म्हणाला. “इतर अकरा व्यक्ती साहाय्यक.”

साहाय्यक! माझ्या शेजारी वृंदाचा फुत्कार मला ऐकू आला. आणि त्याच क्षणी मला माझ्या वर्गातला एक धडा आठवला. दर वर्षी तो शिकवताना मी दोन मुलींना पुढे बोलावत असे.

“मॅडम, आम्हाला थोडी जागा द्या,” मी म्हटलं. “ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. जुळणीनेही नाही. आधी पाहा आणि मग तिलाच मोजायला सांगा, कमावणारी कोण आणि साहाय्यक कोण.”

“नाचून कर माफ होत नाही, बाई.”

“माफी नकोच आहे. नाव बरोबर हवं आहे.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि टेबल भिंतीला सरकवायला सांगितलं.

मी आणि वृंदा समोरासमोर उभ्या राहिलो. पायांची बोटं जुळवली, हातांची अढी घातली, मागे रेललो आणि गिरकी घेतली. मी वजनदार आहे, वृंदा अजून छडीसारखी. बाकीच्या दहा जणी भोवती टाळ्या धरून ठेका देत होत्या. लुगड्याचे काठ फडफडले, खोली फिरायला लागली, कॅमेरे, पडदा, मॅडम सगळ्यांची एक रेघ झाली, आणि किती दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वृंदा हसत होती. मीही हसत होते. थांबलो तेव्हा दोघींना धाप लागली होती आणि दाराशी कार्यालयातली माणसं जमली होती.

“आता विचारा,” मी धापा टाकत म्हटलं. “आम्ही दोघी कशाभोवती फिरलो? तो मध्य कुणाच्या अंगात होता?”

मॅडमनी जुळणीला विचारलं. पडद्यावर आमच्या दोन आकृत्या उमटल्या, फिरल्या, आणि त्यांच्या मध्ये एक ठिपका लागला.

“मध्य दोन्ही व्यक्तींच्या शरीराबाहेर आहे,” जुळणी म्हणाली. “जोडलेल्या हातांखाली, रिकाम्या जागेत.”

“फिरवलं कुणी? हिने की हिने?” मॅडमनी आता स्वतःहून विचारलं.

“एकीला वगळून गणित केल्यास दुसरी व्यक्ती खाली पडते. कामाची विभागणी करता येत नाही.”

“माझं वजन हिच्या दीडपट आहे,” मी म्हटलं. माझ्या मागे कुणीतरी खुदकन हसलं. “मग हातांवरची ओढ माझ्या बाजूला जास्त होती का?”

“नाही. दोन्ही बाजूंची ओढ समान.”

धडा एवढाच होता. दोघींनी एकमेकींना ओढलं की ओढ दोघींवर सारखीच येते. जड बाई, हलकी बाई, असला भेद निसर्ग करत नाही. आठवीच्या पोरांना हे तोंडपाठ असतं. सुकरलाही पाठ होतं, पण त्याला कुणी दोघींना एकत्र दाखवलंच नव्हतं.

मॅडमनी सगळं टिपून घेतलं. मग त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. “काम मिळून, वाटे समान, हे समजलं. पण या बाईंच्या डोळ्यांसाठी जास्त पैसे गेले आहेत. मग वाटे समान कसे?”

उज्ज्वलाची मान खाली गेली. मी काही बोलायच्या आत वृंदा पुढे झाली.

“मॅडम, हिला दिसलं नसतं तर झिम्म्यात माझ्या टाळीवर टाळी कुणी दिली असती?”

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. “तो खर्च म्हणून धरता येणार नाही हं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेली मदत म्हणूनच धरावी लागेल. चालेल?”

“पळेल,” बारा जणी म्हणाल्या.

त्यांनी तिथेच निकाल सांगितला. उत्पन्न तनुजा पाटणकर हिचं नाही आणि वृंदा खैरनार हिचंही नाही. ते ‘आगोटा-पागोटा’ या समूहाचं आहे. समूहाने स्वतःचं खातं काढावं, स्वतःच्या नावाने विवरण द्यावं, खर्च वजा जाता जो कर निघेल तो भरावा. लबाडी कुणाची दिसत नाही, सबब दंड नाही. लाल शेरा त्यांनी आमच्या समोर पुसला. बारा जणींना एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देणाऱ्या सल्लागाराबद्दलही त्यांनी निकालात एक परिच्छेद लिहिला. उत्तर देण्याआधी ‘या पैशात तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?’ हे त्याने विचारलंच पाहिजे आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं, असं त्यात होतं.

निघताना त्या जरा घुटमळल्या. “माझ्या बहिणीची मंगळागौर आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी तुमच्या प्रकरणात अधिकारी, तुम्हाला बोलवता नाही येणार.”

“तुम्ही शिका,” वृंदा म्हणाली. “खेळायला कुणाची परवानगी लागत नाही.”

जुळणी आम्हाला जिंकवून देईल, हे माझ्या स्वप्नात नव्हतं. पण खरं सांगायचं तर यंत्रांवर माझा राग उरला नाही. प्रत्येकाला दिसतं तेवढंच त्याला कळतं. आपण खिडकी लहान ठेवली आणि मग आभाळ लहान म्हणून ओरडलो. आता म्हणे सुकर आधी तो प्रश्न विचारतो. लोक वैतागतात. एवढा वेळ कशाला खातो, म्हणतात. परवा चारू सांगत होती, त्याने तिला चक्क म्हटलं, ‘हे मला ठरवता येत नाही, तुम्ही सगळ्या एकत्र बसून ठरवा.’ तिला ते इतकं आवडलं की तिने नवऱ्यालाही ते वाक्य पाठ करायला लावलं.

पहिला मंगळवार आला. ज्या यजमानीणबाईंनी साधंच करायचं ठरवलं होतं, त्यांचाच पुन्हा फोन आला होता. घर माणसांनी भरलं होतं. नवी नवरी नऊवारी सावरत कोपऱ्यात बसली होती, तिलाही आम्ही रिंगणात ओढलं. निघण्यापूर्वी आम्ही मंडळाच्या नव्या खात्यातून मंडळाचा कर भरला होता. रक्कम थोडकीच होती, पण पैसे पाठवताना बाराही जणींची बोटं एकावर एक ठेवली होती आणि भाऊबिजेच्या ओवाळणीसारखी गडबड झाली होती. इतक्या हौसेने कर भरलेला मी कुठे पाहिला नाही.

पावती यायची बाकी होती. ती आली तेव्हा मी आणि वृंदा गिरकीच्या ऐन भरात होतो. मनगटावरची पट्टी थरथरली, वृंदाच्या हाताला लागून असल्यामुळे तिलाही ते कळलं. तिने भुवया उंचावल्या.

मी खाली पाहिलं नाही. फुगडीत हात सोडायचा नसतो, आणि नाव बरोबर असणार हे आम्हा दोघींना माहीत होतं.